झोल दोरीत असतो

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
भोवऱ्याचा शि. सा. न. वि. वि. (नमस्कार कागदावरच समज. या खोलीत साष्टांग घातला तर पाय दाराबाहेर जातील.)

पत्र लिहायचं मी टाळत होतो, हे आधी कबूल करून मोकळा होतो. तुझं डिसेंबरचं पत्र उद्या लिहू म्हणून उशीखाली ठेवलं. जानेवारीचं आलं, तेही उशीखाली गेलं. परवा मान धरली तेव्हा लक्षात आलं की उशी उंच झालीय. मध्ये दोनदा लिहायला बसलोही होतो. पहिल्यांदा पेन चालेना म्हणून आणायला खाली गेलो, तर कोपऱ्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. त्याची शिडी धरायला थांबलो, दीड तास. पेन राहिलंच. दुसऱ्यांदा काय झालं ते आठवत नाही, म्हणजे तेही असंच काहीतरी असणार.

फोनवर नानांचं काही बोलता येत नाही हे तुझं खरं आहे. क्रेनच्या घरघरीत त्यांचे कान गेले म्हणून तू स्पीकर लावतेस. आपल्या वडिलांना जगाचं काही ऐकू येत नाही आणि स्वतःबद्दलचं कुजबुजलेलं स्वच्छ ऐकू येतं! मेसेज करावा तर व्यायामाचे व्हिडिओ बघायला तुझा फोन अर्धा दिवस त्यांच्याच हातात. तेव्हा पत्रच बरं. लॅबच्या पत्त्यावर टाकतोय.

नोकरी टिकलीय. सावरून बस, पाचवा महिना लागला. जहाजाच्या भटारखान्यात तीन महिने, रस्त्यावर पांढरे पट्टे मारण्यात दोन, त्या मानाने इथे मी जुनाजाणता झालो. शहराबाहेर एक लांबलचक इमारत आहे, एकही खिडकी नाही. आत कपाटांच्या रांगा, कपाटात मशीन, आणि गारठा इतका की आम्ही स्वेटर घालून पंखे बदलतो. लोक आपापल्या घरी बसून बटण दाबतात, खेळ इथे चालतो आणि चित्र त्यांच्या पडद्यावर उमटतं. याला सगळे ढग म्हणतात. ढगात मी झाडू मारतो, असं अभिमानाने सांग कोणी विचारलं तर.

म्हणूनच डिसेंबरात तुला म्हटलं की माझं ते व्हिडिओ गेमचं डबडं देऊन टाक. खोलीची अर्धी भिंत अडवतं, विमान उडाल्यासारखं घुंघुं करतं, आणि दर दोन वर्षांनी म्हातारं होतं. आता अंगठ्याएवढी डबी टीव्हीला लावली की काम झालं. नळ सोडला की पाणी येतं, मग घरात विहीर कशाला खणायची? माझ्याकडेच बघ. एक पिशवी, दोन शर्ट, बाकी सगळं भाड्याचं. कुठे काही अडतं?

नानांचा हात कसा आहे ते कळव. क्रेनच्या खेळात अठरा खोकी ठेवली म्हणून तू डिसेंबरात नाचत होतीस, ते मी इथे मिशीवाल्यांनासुद्धा सांगितलं. मिशीवाले म्हणजे आमच्या पाळीचे मुकादम. मिशी खरं तर काही खास नाही, पण डोक्यावर एक केस नाही ना, म्हणून मिशीवर नाव पडलं.

लोभ आहे तेवढा राहू दे. कमी झाला असेल तर इतक्यात कळवू नकोस.

तुझा,
भोवरा

•

१० फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद, आणि मानेला शेक घे.

पत्र मिळालं. पाटी रंगवणाऱ्याची शिडी दीड तास धरलीस, घरची कधी धरणार, असं त्याने विचारलं नाही का? असो. समोर अकरा दाढा आणि एक पूर्ण कवळी वाट बघत बसलीय, तेव्हा थोडक्यात लिहिते. दातांच्या लॅबमध्ये दुपारचा चहा हाच माझा एकांत.

तुझं डबडं खालच्या चष्मेवाल्याला दिलं. तो खूश, भिंत मोकळी, घरात शांतता. पहिले चार दिवस मीही तुला मनातल्या मनात शाबासकी दिली. पण शांतता आता अंगावर येते. नीट वाच, मध्येच खिडकीबाहेर बघू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात झटका आला तेव्हा नानांच्या उजव्या हातात चमचाही राहत नव्हता. व्यायामाच्या बाईंनी चेंडू दाबायला दिला, तर एकतीस वर्षं क्रेन चालवलेला माणूस म्हणाला, मी काय तान्हं बाळ आहे? मग बाईंनाच सुचलं आणि आपण तुझ्या डबड्यावर तो धक्क्यावरच्या क्रेनचा खेळ लावून दिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी सातला मी घरी आले की पंधरा मिनिटं. न आपटता किती खोकी ट्रकवर ठेवली ते कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं. दोनापासून सुरुवात होती. डिसेंबरात अठरा झाली. त्यावरूनच बंदरातल्या त्यांच्या जुन्या यार्डाने बोलावलं की या, नव्या पोरांना शिकवा. अठरा मार्चला यार्डाचा डॉक्टर हात तपासणार. नानांनी यार्डाचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवले होते.

नवी डबी आली त्या आठवड्यात पंधरा. मी म्हटलं, सवय व्हायची आहे. मग बारा. मग नऊ. शनिवारी सात. दांडा ओढतात, थांबतात, परत ओढतात, आणि हूक भलतीकडेच जातो. खेळ संपला की मनगट चोळत बसतात. चहाचा कप डाव्या हातात घ्यायला लागलेत. काल बघते तर बूट पलंगाखाली गेलेले.

त्या नव्या डबीचं तर काही नाही ना, असं मी विचारून बघितलं. नाना म्हणाले, चित्र आधीपेक्षा स्वच्छ दिसतं, आणि हात चालेना की यंत्राला नावं ठेवणारा कामगार त्यांनी उभ्या जन्मात कामावर ठेवला नाही. पुढे बोलायची सोयच नाही. बाई म्हणतात, दुसरा झटका कधीकधी पावलांचा आवाज न करता येतो, वीस तारखेला घेऊन या.

मला झोप नाही. शंभर गावचं पाणी प्यायलास, त्यातलं काही उपयोगी पडत असेल तर लिही. उशीखाली ठेवू नकोस.

तुझी,
ताई

•

११ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
आशीर्वाद विशेष.

हे पत्र ताईला न सांगता लिहिलं आहे. अक्षर वाईट आहे, ते पूर्वीही होतं.

अठराचा आकडा आता होत नाही. झोल आहे. माझ्याकडूनच आहे, दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. ताईला कळू देऊ नये. तिने अठरा अठरा करून सगळ्या लॅबला सांगून ठेवलं आहे. यार्डाला काय ते मी माझं कळवीन.

एक विचारायचं होतं. मोटर डोळ्याने पाहिल्याशिवाय मी कधी क्रेनवर चढलो नाही. सकाळी आधी मोटरला हात लावायचा, मग शिडी. तुझं जुनं यंत्र निदान गरम व्हायचं, काम करतंय असं वाटायचं. या डबीला हात लावला तर गार. मग मोटर कुठे आहे? नक्की कुठे, ते पत्त्यासह कळवणे.

जेवणाची आबाळ करू नये.

तुझे,
नाना

•

१६ फेब्रुवारी

ती. नानांस,
शि. सा. न. आणि एक कडक सलाम.

नाना, पत्र वाचून मी जिन्यात एकटाच हसत बसलो. घरमालकीण बाई दार उघडून बघून गेल्या. तुम्ही आणि झोल! आम्हाला लहानपणी एक गोटी चोरली म्हणून उन्हात उभं केलंत, आणि आता स्वतः आकड्यांत झोल? खरं सांगा, अठरा म्हणजे किती होते, बारा? दहा? हलकी आपटलेली खोकी पण धरत होतात ना? आणि आता मन खायला लागलं म्हणून खरा आकडा लिहिताय. लिहा की! माझ्या पोटात राहील, ताईला सांगणार नाही. तिला मी फोनवर एवढंच म्हटलं, काळजी करू नकोस, आतली एक गोष्ट मला कळलीय.

आता मोटर. मोटर इथे आहे, माझ्याच हॉलमध्ये. तुमच्या भागातले सगळे खेळ इथून जातात, मी मिशीवाल्यांना विचारून खात्री केली. रांग सहा, खिडकीच्या बाजूला, म्हणजे खिडकी नाहीच, पण असती तर तिथे असती. त्या रांगेचे पंखे मीच पुसतो, तेव्हा तुमची मोटर घरच्या माणसाच्या हाती आहे. तुमच्यापासून इथवर दोन बस बदलून दीड दिवस. माझा पत्ता पाठीमागे लिहिलाय. बघायची असेल तर या, दार उघडून दाखवतो.

इथे एका मांजरीने कपाटामागे पिल्लं घातलीत, त्यांचं पुढच्या पत्रात.

लोभाची पकड ढिली पडू देऊ नका.

तुमचा,
भोवरा

•

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न., आणि रागव, पण आधी शेवटपर्यंत वाच.

मी मोठी चूक करून बसलोय. नानांनी तुला न सांगता मला पत्र लिहिलं होतं. त्यात एक शब्द होता, झोल. झोल आहे, माझ्याकडून आहे. मी आजकालचा माणूस, मला झोल म्हटलं की लबाडी आठवते. वाटलं, आकडे फुगवून लिहीत होते त्याची कबुली देतायत. मी खिदळत उत्तर लिहिलं. तुला फोनवर आतली गोष्ट म्हणालो ती हीच. आणि त्या भरवशावर तू बाईंची वीस तारीख पुढे ढकललीस. म्हणजे आजची.

काल मी शिडीवर उभा राहून जाड तार खांबाला बांधत होतो, चांगली ताणून. खालून मिशीवाले ओरडले की लेका ताणतोस काय, तारेला थोडा झोल ठेव, नाहीतर ओढ बसली की तुटेल. ताई, मी तसाच शिडीवर उभा राहिलो.

आठवतं का, यार्डाच्या कुंपणाशी उभं करून नाना आपल्याला सांगायचे? दांडा ओढला की हूक लगेच हलत नाही, आधी दोरीतला झोल जातो. नवशिका त्या क्षणात घाबरतो, परत ओढतो, आणि खोकं आपटतं. आणि वर उचललेलं डुलायला लागलं तर त्याच्या मागे धावायचं नाही, थांबायचं. तू तेव्हा वेणी चावत होतीस आणि मला शू लागली होती, पण वाक्य माझ्या डोक्यात आहे: झोल दोरीत असतो, हातात नसतो. तो माणूस आता मला लिहितो की झोल माझ्याकडून आहे. म्हणजे हातात. म्हणजे हात गेला असं ते सांगत होते, आणि मी विचारलं, खरे किती होते, दहा का?

शिडीवरून उतरून मी मिशीवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, तुझ्या वडिलांनी बटण दाबलं की ते आधी इथवर येतं, इथे हूक हलतो, मग त्याचं चित्र परत तिकडे जातं. पापणी लवायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. संध्याकाळी सात ते नऊ सगळं जग खेळायला बसतं, तेव्हा त्याहून जास्त. शंभरातल्या नव्वदांना पत्ता लागत नाही, उरलेले दहा शिव्या देऊन मोकळे होतात. स्वतःच्या हाताला दोष देणारा त्यांनी आजवर पाहिला नाही.

पण ताई, मला खात्री नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. झोल दोरीत असेल. हातातही असेल. दोन्हीकडेही असेल. कळायला एकच रस्ता आहे. माझं डबडं चष्मेवाल्याकडून परत आण, तोच खेळ, तीच पंधरा मिनिटं. विहीर घरातच हवी होती, आता तोंड वर करून सांगतो. तोपर्यंत तू स्वतः सातला बसून बघ, मग सकाळी बसून बघ, फरक कळतो का. आणि बाईंकडे उद्याच जा.

अजून एक. डबडं देऊन टाक म्हटलं ते काही फक्त भिंतीसाठी नव्हतं. तू दर वेळी म्हणायचीस की तुझी वस्तू पडलीय, येऊन घेऊन जा. ती वस्तू तिथे होती तोवर मी यायचा बाकी होतो. ती गेली की कोणी बोलावणार नाही, असा हिशेब होता. दोरी मीच कापली आणि भार नानांवर पडला.

लोभ असावा असं लिहायचं धाडस नाही. रागात ठेव, पण ठेव.

भोवरा

•

२५ फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
आशीर्वाद. चिडून दिलेले, पण आशीर्वादच.

पत्र वाचताना माझ्या हातून मेणाचा साचा खाली पडला, पुढचे चार दात फुकट. एका शब्दापायी! तुला शाळेत घालायला तिघं जण लागायचे, त्याची आठवण झाली.

सातला मी स्वतः खेळायला बसले. माझी सगळी खोकी समुद्रात गेली, एकही ट्रकला शिवलं नाही. त्यात उशीर कुठे आणि माझा अडाणीपणा कुठे, देवाला ठाऊक. सकाळी बसले, तेव्हाही समुद्रातच. माझं काम केसाएवढ्या मापाचं आहे, पण माप डोळ्याला दिसतं. ही पापणीची गोष्ट मला कळत नाही. आणि ज्यांना कळेल ते हात लावायला तयार नाहीत. नानांनी कंट्रोलर फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. उतरवून दिला तर म्हणाले, एकदा उतरलेला माणूस परत शिडी चढत नसतो.

बाईंकडेही येत नाहीत. मी दोरीतल्या झोलाचं सांगायला गेले तर हात वर करून थांबवलं. मी तुझी बाजू घेऊन बोलतेय, असा त्यांचा समज झाला असावा. तुझं ते हसरं पत्र त्यांनी माझ्या देखत तीनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, पोरगा मजेत आहे. मला तेव्हा आत काय आहे ते ठाऊक नव्हतं, मीही हसले. नंतर तुझा शाळेतला नकाशा काढून त्यावर दोरा धरून बसले होते, या गावापासून त्या गावापर्यंत. मला वाटलं, तुझी आठवण येतेय.

चष्मेवाल्याकडे दोनदा गेले. पहिल्यांदा म्हणाला, आत आहे, उद्या देतो. दुसऱ्यांदा चष्मा पुसत पुसत म्हणाला, ते गेलं. कुणाकडे विचारलं तर पुसायचं भिंगच हातात नव्हतं, नुसती काडी पुसत होता. विकलं असणार. मला रडू यायचंच बाकी होतं.

टेबलावर यार्डाच्या नावाचं खाकी पाकीट होतं, ते आज दिसत नाही. नकार कळवला असेल तर अठरा तारीख संपली म्हणून समज. परत कोण बोलावणार?

आणि आता हे. परवा सकाळी त्या टगबोटीवरच्या, टगवाल्या मित्राकडे दोन-तीन दिवस जायचं म्हणतात, एकटेच. झटक्यानंतर एकटे कोपऱ्यापर्यंतही गेले नव्हते. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, मी खोकं नाही, मला कोणी उचलून इकडचं तिकडे ठेवायला नको. मित्राचा फोन नेहमीसारखाच लागत नाही, तो कायम पाण्यावर.

तुला ये असं मी कधी लिहिलं नाही. लिहिलं की तू गाव बदलतोस. या वेळी लिहिते. ये.

तुझी,
ताई

•

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र माझ्या आधी पोचणार नाही, मीच खिशातून आणून तुझ्या हातात देणार आहे. तरी लिहितोय, कारण बस चारची आहे, आता साडेबारा झालेत आणि नुसतं बसलो तर बोटं टेबलावर नाचतात. पिशवी भरायला सात मिनिटं लागली. भाड्याच्या आयुष्याचा हा एक फायदा.

सकाळी तुझा फोन आला आणि मी तसाच रजा मागायला गेलो. टगवाला मित्र म्हणाला की नाना त्याच्याकडे यायचे हे त्याला ठाऊकच नाही. तू काय बोललीस त्यातलं मला निम्मं आठवत नाही. परवा सकाळी घरातून निघाले, आज दुपार झाली. नानांकडे स्वतःचा फोन नाही, तुझाच वापरतात. इस्पितळांत तू विचारून झालं, यार्डात विचारून झालं. धक्क्यावर मी विचारू दिलं नाही तुला. का नाही ते तू समजलीस, तिथे खाली पाणी आहे.

मिशीवाल्यांनी रजा दिली. म्हणाले, नोकरी कपाटात राहील, जा. आणि परवा त्यांनी माझ्यासाठी एक गोष्ट केली, ती तुला सांगायची राहिली. दुपारी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा रांग सहापाशी उभे राहून त्यांनी आणि मी घड्याळ लावून तुमच्या बाजूला जाऊन यायला लागणारा वेळ मोजला. भर दुपारी ठीक होता. संध्याकाळी सातला तिप्पट. ते मोजमाप कागदावर लिहून घेतलंय, सही-शिक्क्यासकट. नानांसमोर ठेवीन म्हटलं होतं. सही-शिक्का असला की ते मानतात. आता कुणासमोर ठेवू?

मी एकच विचार करतोय. त्यांनी माझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा न समजून, दुसऱ्यांदा खात्री करायला. तिसऱ्यांदा का वाचलं असेल? पहिली दोन मला सहन होतात. तुझी पत्रं मी उशीखाली ठेवायचो आणि महिन्याने उत्तर द्यायचो, तेव्हा तुलाही असंच वाटत असेल, की आपण दांडा ओढतोय आणि पलीकडे काही हलत नाही, म्हणजे आपलंच काही चुकलं. तुझं काही चुकलं नव्हतं, ताई. झोल माझ्याकडचा होता, दोन्ही अर्थांनी.

घरी आलो की पहिल्यांदा चष्मेवाल्याची गचांडी धरतो. डबडं कुणाला दिलं ते

थांब. घरमालकीण बाई जिन्यातून ओरडतायत. म्हणतायत की खाली एक गृहस्थ सामान घेऊन उभे आहेत, माझा पत्ता विचारतायत, आणि वर बोलावलं तर म्हणतात, आधी मोटर दाखवा.

मी खिडकीशी आलोय, उभ्या उभ्या लिहितोय. ताई, नाना आहेत. यार्डाचे बूट घातलेत, चमकतायत. डाव्या हातात माझं पत्र आहे, पत्त्याची बाजू वर. शर्टाच्या खिशातून ते खाकी पाकीट अर्धं बाहेर आलंय, म्हणजे पोस्टात टाकलं नाही. आणि उजव्या हातात आपल्या निळ्या चादरीचं गाठोडं आहे, यार्डाची गाठ मारलेलं, चौकोनी. माझं डबडं. दहा किलो तरी असेल. चष्मेवाला काडी का पुसत होता ते कळलं, आणि नकाशावर दोरा का धरला होता तेही.

सायकलवाल्याला वाट द्यायला ते बाजूला झाले, तसं गाठोडं डुलायला लागलं. त्यांनी ते ओढलं नाही. दुसरा हात लावला नाही. नुसते उभे राहिले, डुलणं थांबेपर्यंत. मग खाली ठेवलं.

खिडकी उघडी आहे, ताई. ठेवल्याचा आवाज आला नाही.